खुंटा, सव्वा टन

उद्यमबागेत समुद्र नाही.
आहे तो जळक्या वाळूचा वास
आणि दुपारी तीनला भट्टी ओतताना
डिस्पॅचच्या काचेवर हलणारा नारिंगी उजेड.

मी चलन लिहिते. सव्वीस वर्षं.
मुरगाव, मुंद्रा, काकीनाडा, पारादीप.
एवढ्या बंदरांना तर खलाशीही लागला नसेल.
मी स्वतः गेलेय वेंगुर्ल्यापर्यंत,
एका लग्नाला, रात्रीच्या रात्री.
समुद्र ऐकला. दिसला नाही.

फाटकावरची पाटी कन्नडात, चलन इंग्रजीत,
शिव्या मराठीत,
आणि ट्रकवाला सिद्दलिंग
'बर्तीनि अक्का' म्हणत अनमोडच्या वाटेला लागतो,
मागे चार-चार खुंटे आडवे, साखळीनं आवळलेले.

खुंटा हा शब्द ओमाणाचा.
पहिल्या ऑर्डरीचा नकाशा त्यानं उलटासुलटा करून पाहिला,
म्हणाला, "हे खुंटंच की ओ बाई.
बैल बांधतोय न्हवं, तसं जहाज."
साहेब हसले.
पण तेव्हापासून स्टोअरच्या कार्डावर, वजनकाट्यावर
खुंटाच आहे तो,
बोलार्ड फक्त माझ्या चलनावर.

आणि ओढ किती सोसायची यानं?
शंभर टन, साहेब म्हणाले.
ओमाणानं मनात बैल मोजले असावेत,
कारण बराच वेळ गप्प होता.

तो वाळू मुठीत दाबतो, मूठ उघडतो.
बोटांचे ठसे मोडले नाहीत तर पुढं.
लॅबमधला पोरगा ओलाव्याचा आकडा घेऊन येईपर्यंत
पेटी बंद झालेली असते.

मार्चमध्ये गोव्याहून सर्वेयर आला, कुएल्यो नावाचा.
सहीचा कागद खाली पडला तेव्हा मी त्याचे बूट पाहिले:
शिवणीपाशी मिठाची पांढरी कड.
(कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार?)
बारा खुंट्यांना त्यानं जेली फासली,
यंत्राचा कान लावला.
अकरांवर शिक्का.
बाराव्यापाशी पडद्यावर एक रेघ
नको तिथं उठून उभी राहिली.
"आत हवा अडकलीय."
"कुठं?"
त्यानं खडूनं गोल काढला, आठ आण्याएवढा.
बाहेरून काही नाही, गुळगुळीत.
ओमाणानं तिथं तळवा ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि बराच वेळ काढलाच नाही.

नापास माल परत भट्टीत जातो, असा नियम आहे.
पण सव्वा टनाचा ठोकळा फोडणार कोण?
तो फाटकाबाहेर पडून राहिला.
आता चहावाली बाळव्वा त्याला शेळी बांधते.
शंभर टनांच्या खुंट्याला
एक तांबडी शेळी.
बाभळीकडं तोंड करून ती दावं ताणते, ताणते,
खुंटा दाद देत नाही.
आतली हवा आतच आहे.

काल ओमाणा फोन घेऊन काचेपाशी आला.
भरमूचा फोटो. त्याचा थोरला,
दहा महिने झाले, जहाजावर फिटर.
कुठलं बंदर ते लिहिलेलं नाही.
मागे राखाडी पाणी, क्रेनची मान,
आणि भरमू एका खुंट्यावर पाय ठेवून उभा,
सासऱ्याच्या बांधावर उभा राहिल्यासारखा.

"मोठं करा की ओ बाई. आपला हाय काय बघा."

मी दोन बोटांनी मोठं केलं.
भरमूचा बूट, तेलाचा डाग, लोखंडाची कड.
चक्रातला त्रिकोण असतो आमचा,
मानेखाली, उजवीकडं.
तिथं नेमका दोर.
मांडीएवढा जाड, तीन वेढे.

म्हटलं, दोर सुटल्याशिवाय दिसायचं नाही.

"म्हणजे जहाज निघाल्यावर?"

मी मान हलवली.

त्यानं फोन बंडीला पुसला, खिशात टाकला.
भट्टीची घंटा झाली होती.
जाता जाता म्हणाला,
"मग ऱ्हाऊ दे झाकलेलं."